पोफळीवरचं दगडफूल आणि त्याचा जोडीदार : तीन पावसाळ्यांच्या नोंदी

गुहागरच्या बाजूला आमचं छोटं आगर आहे. नारळ, पोफळी, मधे जायफळ आणि मिरीचे वेल. पोफळीच्या खोडावर पांढुरके डाग असतात आणि त्या डागांवर कुणीतरी बारीक टाकाने गिरगोट्या काढाव्यात तशा काळ्या रेघा. हे मसाल्यातलं दगडफूल नव्हे, पण त्याच्याच गोतावळ्यातलं. पुस्तकात याचं नाव ग्राफिस, तेही लिहिण्यावरूनच पडलेलं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवल यांचा संसार, हे मी पंचवीस वर्षं वर्गात शिकवलं. पण त्या काळ्या रेघांतून जे बीजाणू उडतात ते फक्त बुरशीचे असतात, शैवल त्यांच्याबरोबर जात नाही. म्हणजे नव्या ठिकाणी पडलेल्या प्रत्येक बीजाणूला आपला जोडीदार नव्याने मिळवावा लागतो. तो कसा मिळतो, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. ज्यांना हे घरी करून बघायचं आहे त्यांच्यासाठी या नोंदी. माझे महिने कुठे फुकट गेले ते मुद्दाम सविस्तर लिहिलं आहे.

२८ मे २०२३

सामान जमवलं. सूक्ष्मदर्शक जुना, घरचाच, ४०० पट दाखवतो आणि तेवढा पुरतो. चिपळूणहून काचपट्ट्यांचे दोन डबे, कव्हरस्लिप, अगार पावडर (पाण्यात उकळली की जेलीसारखी जमते) १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या ५० पेट्री डिश म्हणजे झाकणाच्या उथळ ताटल्या, आयोडीनचं लुगोल द्रावण, ब्लेड आणि व्हॅसलिन आणलं. सगळं मिळून ३,१०० रुपये. निर्जंतुक करायला घरातला पाच लिटरचा कुकर.

आधी साधी परीक्षा. पोफळीवरचा डाग नखाने हलकेच खरवडला, तर पांढऱ्या पापुद्र्याखालून पिवळट नारिंगी रंग निघाला. हा रंग ट्रेन्टेपोलिया नावाच्या शैवलाचा. जात हिरव्या शैवलांची, पण पेशीत कॅरोटिन इतकं की दिसतं शेंदरी. पावसाळ्यात जांभ्याच्या गडग्यावर जो शेंदरी मखमली थर चढतो तोही हाच. म्हणजे जोडीदार लांबचा नाही, दहा पावलांवरच्या गडग्यावर मोकळा नांदतोय. थंड प्रदेशातल्या बऱ्याच दगडफुलांचं शैवल ट्रेबॉक्सिया असतं आणि ते मोकळं क्वचितच सापडतं. कोकणात काम करणाऱ्याला एवढी मोठी सोय आहे.

६ जून २०२३

२४ काचपट्ट्या सुतळीने बांधल्या. आठ पोफळींच्या खोडांवर, दगडफुलाच्या अगदी जवळ. आठ गडग्यावर, शेंदरी थराला लागून. आठ पडवीत, तुलनेसाठी. बीजाणू काचेवर पडतील, रुजतील, आणि मला ते उचलून थेट सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतील, असा बेत.

२ जुलै २०२३

खोडांवरच्या आठही काचपट्ट्यांवर निळसर पांढरी पुटं. गडग्यावरच्या चारांवरही तीच. पाऊस लांबला म्हणून १९ तारखेला तात्यांनी पोफळींवर बोर्डो मिश्रण मारलं होतं. सुपारी गळवणाऱ्या कोळेरोगासाठी हे दरवर्षीच होतं: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मीच त्यांना फवारणीला बोलावलं आणि काचपट्ट्यांचं सांगायला विसरले. तात्या आपुलकीने म्हणाले, "बाई, तुमच्या काचांवर पण नीट बसलंय औषध, आता काय लागायचं नाय त्यांना." खरंच काही लागलं नाही. तांबं शैवलाला आणि बुरशीला दोघांनाही मारतं. उरलेल्यांपैकी तीन वाऱ्याने आपटून फुटल्या, दोन वानरांनी नेल्या.

दुरुस्ती दोन प्रकारची. कडेच्या पाच पोफळी फवारणीतून वगळल्या आणि त्यांना लाल चिंध्या बांधल्या. त्या पाचांची सुपारी या हंगामात गळणार हे धरूनच चालले आहे (आणि ती गळली). काचेऐवजी ओएचपीला (ओव्हरहेड प्रोजेक्टरला) वापरतात तो पारदर्शक प्लास्टिकचा कागद आणून त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि टाचण्यांनी खोडाच्या सालीत टोचल्या. अमेरिकी उष्ण कटिबंधातल्या जंगलांत दगडफुलांचे अभ्यासक विल्यम सँडर्स यांनी असेच प्लास्टिकचे तुकडे लावून पानांवरची दगडफुलं पहिल्या दिवसापासून वाढताना पाहिली आहेत, म्हणून प्लास्टिकवर भरवसा होता. मुळात त्याच मार्गाने जायला हवं होतं.

१६ जुलै २०२३

बीजाणू पाडायची पद्धत: काळ्या रेघांसकट सालीचा नखाएवढा तुकडा दोन तास पाण्यात भिजवायचा, टिपकागदावर टेकवायचा, आणि व्हॅसलिनच्या ठिपक्याने पेट्री डिशच्या झाकणाला आतून चिकटवायचा. खाली अगार. साल सुकत जाते तसे बीजाणू सुटून खाली पडतात. व्हॅसलिन मोहरीएवढंच घ्या. मी पहिल्यांदा बोटभर लावलं, ते वितळून रेघांवर पसरलं आणि एकही बीजाणू सुटला नाही.

२३ जुलै २०२३

दहाच्या दहा डिश बुरशीने भरल्या, हिरवी, काळी, पांढरी, सगळ्या प्रकारची. अगारमध्ये मी माल्ट आणि यीस्टचा अर्क घातला होता, कारण दगडफुलाची बुरशी वाढवायला तो वापरतात. तो बंद, निर्जंतुक खोलीत ठीक. जुलैतल्या कोकणातल्या घरात ती पाहुण्यांची पंगत ठरते. बीजाणूला रुजायला बाहेरचं खाणं लागत नाही, शिदोरी त्याच्याबरोबर असते. आता नुसतं पाणी आणि २ टक्के अगार.

१९ ऑगस्ट २०२३

ही नोंद लिहायला जड जातंय. २९ जुलैपासून पाण्याच्या अगारवर बीजाणू रुजताना दिसत होते. मी रोज त्यांची चित्रं काढली, लांबी मोजली. आज सहज लुगोलचा थेंब टाकला. ग्राफिसचा बीजाणू आयोडीनने निळा-जांभळा होतो. हे तपकिरीच राहिले. एकवीस दिवस मी हवेतून पडलेल्या कुठल्यातरी भलत्याच बुरशीची काळजी घेत होते.

आता नियम असा. साल लावली की दुसऱ्या दिवशी सकाळीच डिश बघायची. जो बीजाणू ग्राफिससारखा दिसेल त्याच्याभोवती डिशच्या तळाला बाहेरून मार्करने गोल काढायचा. त्याच डिशमधल्या दोन-तीन बीजाणूंवर आयोडीन टाकून खात्री करायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. पुढे फक्त गोलातलंच बघायचं. गोलाबाहेर कितीही सुंदर काही उगवलं तरी ते आपलं नाही.

९ सप्टेंबर २०२३

खरे बीजाणू मिळाले. रंग नाही, पाण्यासारखे नितळ. एका लांबट पिशवीत भिंगाच्या आकाराचे मणी एकापुढे एक ओवावेत तसे आठ-दहा कप्पे. पाचव्या दिवशी रुजले, आणि तेही एकाच टोकाने नाही, दोन-तीन कप्प्यांतून वेगवेगळे तंतू निघाले. आयोडीन टाकलेला भाऊबंद शेजारी जांभळा दिसत होता, त्यामुळे शंका राहिली नाही. पडवीतल्या बाकावर बसून अर्धा तास त्या एकाच बीजाणूकडे बघत राहिले. पाऊस पागोळ्यांतून गळत होता आणि त्या नितळ मण्यांतून केसाहून बारीक तंतू बाहेर आले होते.

२१ ऑक्टोबर २०२३

गोलांत मिळून ३८ बीजाणू रुजले होते. सहा आठवड्यांनी तंतूंची छोटी जाळी झाली आणि वाढ थांबली. शिदोरी संपली. एरिथ्रिटॉल घालून पाहिलं. ट्रेन्टेपोलिया दगडफुलात असताना बुरशीला जी साखर पुरवते ती एरिथ्रिटॉल, ट्रेबॉक्सिया पुरवते ती रिबिटॉल. एरिथ्रिटॉल आता बिनसाखरेची गोडी म्हणून दुकानात मिळतं, पाव किलोला ३२० रुपये पडले. तंतू थोडे पुढे गेल्यासारखे वाटले, पण भलती बुरशी येण्याआधी गोलात चारच बीजाणू शाबूत होते. चारांवरून काही म्हणणार नाही.

बाहेरच्या पट्ट्यांवर मात्र शैवल आलं आहे. हिरवट-नारिंगी, चपट्या, फुलासारख्या गोल चकत्या, बहुधा फायकोपेल्टिस, हे ट्रेन्टेपोलियाच्याच कुळातलं. गडग्याजवळच्या पट्ट्यांवर शेंदरी तंतूंचे छोटे झुबकेही. रुजलेले बीजाणू मोजके, आणि सगळे एकटे मेलेले. त्या पट्ट्या काढायच्या होत्या, पण पाठीच्या दुखण्याने राहून गेल्या.

१२ नोव्हेंबर २०२३

एक बाजूची गोष्ट, पण वाटेत भेटली म्हणून लिहिते. आंब्याच्या आणि मिरीच्या पानांवर जो लाल तांबेरा येतो तो बुरशीचा नव्हे, सेफॅल्युरोस या शैवलाचा, हेही ट्रेन्टेपोलियाचं नातलग. आमच्या रायवळ आंब्याच्या जुन्या पानांवर काही लाल ठिपक्यांची कड राखाडी झाली आहे आणि त्यात काळे दाणे आले आहेत. ते दगडफूल, स्ट्रिग्युला. बुरशीने पानावर बसलेलं शैवल गाठून त्याचा संसार केला. डेव्हिड डग्लस कनिंगहॅम यांनी कलकत्त्यात १८७०च्या दशकात हेच शैवल आणि त्यापासून होणारं दगडफूल पाहून लिहून ठेवलं आहे. दगडफूल म्हणजे दोन जीव, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी मांडून तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती आणि वाद जोरात होता.

त्या पानाकडे बघताना डोक्यात बसलं: शैवल आधी, बुरशी मागाहून. मी उलटं करत होते. कोऱ्या जागी बीजाणू टाकून जोडीदाराची वाट बघत होते. पट्ट्या काढायच्या राहिल्या हे बरंच झालं.

१५ जून २०२४

पाऊस वेळेवर. नवा बेत. काचपट्टीवर पाण्याच्या अगारचा पातळ थर, त्यावर आधी जोडीदार, मग वरून बीजाणू. प्रत्येकी तीन काचपट्ट्या:

क — गडग्यावरचा जिवंत ट्रेन्टेपोलिया.
ख — पडवीच्या खांबावरची हिरवी भुकटी, म्हणजे भलतंच शैवल.
ग — तोच ट्रेन्टेपोलिया, पण गरम पाण्यात दहा मिनिटं धरून मारलेला.
घ — काहीच नाही.

ख कशासाठी? युरोपातल्या झँथोरिया या पिवळ्या दगडफुलावर सीग्लिंडे ऑट यांनी १९८७ साली दाखवलं की त्याचे तंतू खरा जोडीदार मिळेपर्यंत भलत्या शैवलांबरोबर दिवस काढतात, शेजारच्या दगडफुलाच्या भुकटीत शिरून तिथलं शैवलही घेतात. आणि ग कशासाठी? अमेरिकेत व्हर्नन अहमदजियन यांच्या प्रयोगशाळेत क्लॅडोनिया या दगडफुलाच्या बुरशीच्या तंतूंनी शैवलाएवढ्या काचेच्या मण्यांनाही विळखा घातला होता. तेवढे बारीक मणी मला कुठून मिळणार, म्हणून मेलेलं शैवल.

सगळ्यात जास्त वेळ ट्रेन्टेपोलिया स्वच्छ करण्यात गेला. गडग्यावरून खरवडलं की त्याबरोबर माती, बुरशी, किडे सगळं येतं. उकळून गार केलेल्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, त्यात हलवायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं ओतायचं. असं सात वेळा, शेवटचं पाणी साधं. मग सुईने फक्त तंतूंची टोकं तोडून घ्यायची. एका काचपट्टीला अर्धा दिवस. घाई केलेल्या पहिल्या दोन फेकाव्या लागल्या.

३० जून २०२४

आज क मधलं दिसलं ते जसंच्या तसं लिहिते. बीजाणूतून निघालेला तंतू सरळ जात होता. शेंदरी तंतूपासून थोड्या अंतरावर त्याला आखूड फांद्या फुटल्या. घ मधल्या एकट्या तंतूंना अशा जवळजवळ फांद्या नाहीत. त्यातल्या दोन फांद्या शैवलाच्या पेशीला दोन्ही बाजूंनी टेकल्या आणि तिसरी तिच्यावरून पलीकडे वळली, मूठ मिटताना बोटं वळतात तशी.

मग ग बघितलं. तिथेही तशीच मूठ. मेलेल्या पेशीभोवती. ख मध्येही हिरव्या गोळ्यांना तंतू चिकटलेले. पहिल्यांदा वाईट वाटलं, कारण मला वाटत होतं बुरशी आपला जोडीदार लांबून ओळखेल आणि भलत्याला शिवणारही नाही. रात्री वही पुन्हा वाचली तेव्हा उमगलं की हातात आलंय ते हेच. विळखा म्हणजे निवड नव्हे. जे हाताला लागेल ते ती धरून बघते.

२८ जुलै २०२४

निवड झाली ती या चार आठवड्यांत. ग मधल्या पेशी रिकाम्या, चिपटलेल्या. विळखे तसेच, पण तंतू पुढे वाढलेले नाहीत. ख मध्ये बहुतेक गोळे फिके पडले. एका कोपऱ्यात आठ-दहा हिरवे राहिले आहेत, तंतू त्यांच्यातून गेलेत, पण घट्ट कुणाला धरलेलं नाही. क मध्ये शैवल जिवंत. विळख्याबाहेर शेंदरी, लांब, फांद्यांचं. विळख्यात आलेले तंतू मात्र दोन-तीन पेशींच्या तुकड्यांत तुटले आहेत आणि रंग हिरवट झाला आहे. पोफळीवरच्या दगडफुलाचा पातळ काप शेजारी ठेवला, त्यातलं शैवल असंच तुटक आणि हिरवट. दगडफूल तयार झालं असं अजिबात म्हणत नाही. पांढरा पापुद्रा नाही, काळी रेघ तर लांबच. पण चाल त्या दिशेची आहे.

१० ऑगस्ट २०२४

बारापैकी सात काचपट्ट्या गेल्या. साखरेच्या कणाहून बारीक, आठ पायांचे माईट डब्यात शिरले आणि क वरून ख वर, ख वरून घ वर फिरले. त्यांच्या पावलांच्या वाटेने भलत्या बुरशीच्या रांगा उगवल्या. चूक माझी. सगळ्या काचपट्ट्या एकाच डब्यात ठेवल्या होत्या.

दुरुस्ती: ताटात साबणाचं पाणी, त्यात पालथी वाटी, वाटीवर डिश. एका वाटीवर एकच. तेव्हापासून माईट नाही.

हेच किडे जंगलात जोडी लावायला मदतही करतात. झँथोरिया खाणाऱ्या माईटच्या विष्ठेत बुरशी आणि शैवल दोन्ही जिवंत सापडल्याचं २००२ साली प्रसिद्ध झालं आहे. माझ्या डब्यात त्यांनी केलेल्या नासाडीचा राग त्यामुळे थोडा कमी झाला.

२५ ऑगस्ट २०२४

आज बाहेरच्या पट्ट्या उतरवल्या. दोन प्रकारच्या: गेल्या वर्षीपासून लटकलेल्या, शैवल बसलेल्या नऊ आणि यंदा जूनमध्ये लावलेल्या कोऱ्या नऊ. कोऱ्या पट्ट्यांवर अकरा रुजलेले बीजाणू सापडले, एकाच्याही जवळ शैवल नाही, आणि नऊ तर वाळलेलेच. जुन्या पट्ट्यांवर चकत्यांच्या कडेने बरेच तंतू आहेत. पण कुठल्या बुरशीचे हे कसं सांगणार? तंतूवर नाव लिहिलेलं नसतं.

तिसऱ्या पट्टीवर ते मिळालं. दगडफुलापासून वीतभर अंतरावर टोचलेली पट्टी. मण्यांच्या माळेसारखा बीजाणू, अर्धा रिकामा, त्यातून निघालेला तंतू चकतीच्या कडेवरून पुढे गेलेला, आणि पुढच्या शेंदरी झुबक्याशी पोचल्यावर त्याच आखूड फांद्या, तीच मूठ. आतले शैवलाचे तुकडे हिरवे. गडग्यावर नव्हे, डिशमध्ये नव्हे, आमच्याच पोफळीवर, मी काहीही न करता झालेलं.

खात्री करायला हवी होती म्हणून लुगोल टाकलं. कप्पे एकेक करून जांभळे झाले. म्हणजे बीजाणू ग्राफिसचा किंवा त्याच्या जवळच्या भावकीतला. आणि त्याच थेंबाने ते सगळं मेलं. आयोडीन जिवंत पेशीला मारतं हे मला ठाऊक होतं, ऑगस्टमधल्या नियमात मीच लिहिलं होतं की बाकीच्यांना हात लावायचा नाही. पट्टी परत खोडावर टोचली असती तर पुढचा पावसाळा त्याच जोडीचा बघता आला असता. मोबाईलने काढलेले चार फोटो आहेत, त्यातले दोन स्पष्ट.

करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: एकच नमुना असेल तर आयोडीन नको. आधी फोटो, मग पट्टीवर खूण, मग परत जागेवर. खात्री पुढच्या वर्षी झाली तरी चालते.

४ सप्टेंबर २०२४

आतापर्यंतचा खर्च ५,२६० रुपये, पाच पोफळींची दोन वर्षांची सुपारी वेगळी. पट्ट्यांचं नवं वेळापत्रक ठरवलं. दर पावसाळ्यात कोऱ्या पट्ट्या गडग्याला लावायच्या, शैवल येऊ द्यायचं. पुढच्या मे महिन्यात त्याच पट्ट्या पोफळीवर, काळ्या रेघांच्या वीतभर आत हलवायच्या. वर्ष जास्त जातं, पण बीजाणूला पडल्या जागी जोडीदार मिळतो.

२७ मे २०२५

पाऊस मेमध्येच आला. ताडपत्री घालायच्या आधी अंगण भिजलं. पट्ट्या १ जूनला हलवायच्या होत्या, त्या आज भर पावसात हलवल्या. २२ पट्ट्या, सगळ्यांवर शेंदरी झुबके. तात्यांनी शिडी धरली आणि टोचून झाल्यावर पाचही पोफळींना नव्या लाल चिंध्या त्यांनीच बांधल्या. पहिली पाहणी २० जूनला, फक्त फोटो.